बाटल्या कापणारे डॉक्टर

माझ्या मुलीच्या तोंडात नुसतं डोकावून बघायला या माणसाने मला उल्हासनगरच्या दोन खेपा घालायला लावल्या. पहिल्या खेपेला त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रात को बच्ची को सुलाता कौन है?"

"माझ्या सासूबाई."

"फिर आप क्यों आई? उनको लाओ."

"अहो डॉक्टर, मी आई आहे तिची."

"वो तो दिख रहा है," असं म्हणून ते खिडकीतल्या रोपांना पाणी घालायला वळले. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून, अंबरनाथहून आधी बदलापूरला घरी जाऊन, पोरीला काखोटीला मारून उन्हातून तिथे पोचले होते. परत जाताना रिक्षात मी त्यांना जे काही बोलले, ते बरंय की रिक्षावाल्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

आता माझ्या मुलीला बदलापुरातल्याच एक डॉक्टरबाई बघतात. छताला टीव्ही, टीव्हीवर कार्टून, सगळीकडे गारेगार. त्या मला म्हणतात, "मॅम, तुम्ही दातांची किती छान काळजी घेतलीय!" बाई सभ्य आहेत, पण कौतुक ऐकलं की मला त्या सिंधी म्हाताऱ्याची आठवण येते आणि कौतुकाची चवच जाते. ते आता पुण्याला लेकीकडे असतात म्हणे. तिथल्या आयांचं देव भलं करो.

त्यांचा दवाखाना कॅम्प तीनमध्ये एका सोफ्याच्या दुकानावर होता. जिना असा अरुंद, की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्यासाठी थांबायचं. खिडकीत ओळीने मनी प्लांट. जवळ गेलं की कळायचं, प्रत्येक रोप दूध पाजायच्या बाटलीत लावलेलं आहे. मूल दात दाखवायला आलं की डॉक्टर आधी बाटली मागत. आईने बिचारीने पिशवीतून काढून दिली की कात्रीने निपलचं टोक कापत, बाटलीत पाणी भरत, एक वेल खोचत आणि खिडकीत ठेवून देत. मूल रडे, आई रडकुंडीला येई. "रोने दो. रोने से कोई दांत नहीं सड़ा आज तक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काही खमक्या बायका बाटली नाही म्हणून सांगत. मग ते मुलाला विचारत. दीड वर्षाचं पोर खोटं बोलत नाही, ते सरळ पिशवीकडे बोट दाखवतं.

मी त्यांच्याकडे गेले त्याला कारण होतं. मुलीच्या वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत बदामी रेघा आल्या होत्या. आधी मला वाटलं, बिस्किटाचा चुरा असेल. पुसला, गेला नाही. घराजवळच्या दातवाल्यांनी पाहिलं आणि सांगितलं की कीड पसरतेय, वय लहान आहे, पूर्ण भूल देऊन चारही काढावे लागतील. दीड वर्षाच्या पोरीला पूर्ण भूल! आणि मग सात वर्षांची होईपर्यंत पुढे नुसतं बोळकं. त्या आठवड्यात मी जेवले काय, निजले काय, माझं मला कळत नव्हतं. रात्री तिचा श्वास ऐकत बसायचे. कुणीतरी म्हणालं, उल्हासनगरचे ते बाटलीवाले डॉक्टर दात काढत नाहीत, राखतात. फक्त स्वभाव जरा असा आहे. "जरा" हा शब्द वापरणाऱ्या त्या बाईला मी अजून शोधते आहे.

दुसऱ्या खेपेला सासूबाईंना घेऊन गेले. त्या मूळच्या चामटोली गावच्या, शेतावर उभं आयुष्य गेलेलं. नात झाल्यावर मला नोकरी सोडावी लागू नये म्हणून त्या आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण नातीला झोपवताना बाटलीत साखर घातलेलं दूध द्यायचं आणि बाटली तोंडातच राहू द्यायची, ही त्यांची पद्धत, आणि त्यावर मी बोलले की "मंग तू र्‍हा ना घरी" हे त्यांचं उत्तर.

लहान मूल तपासायची डॉक्टरांची एक रीत होती. समोरासमोर दोन स्टुलं. एकावर ते, दुसऱ्यावर मुलाला झोपवणारा माणूस. दोघांनी गुडघ्याला गुडघे भिडवायचे. मुलाला आपल्याकडे तोंड करून मांडीवर घ्यायचं आणि मग हळूच मागे आडवं करायचं, म्हणजे पाय आपल्या कमरेला आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीत. मूल बोंब ठोकतं, तोंड आपोआप उघडतं, तेवढ्यात त्यांनी बघून घ्यायचं.

सासूबाईंनी ती दोन स्टुलं पाहिली आणि पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. "मी या बाप्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसू? गावात कलला त मना कोनी घरात घेल काय?"

"आई, डॉक्टर आहेत ते."

"डाक्तर हाय, पन बापयच हाय ना?"

मी म्हटलं, मी बसते. डॉक्टर म्हणाले, नाही, सुलाने वाली बैठेगी. मी म्हटलं, अहो त्या नाही म्हणतात. ते म्हणाले, तो मैं भी नहीं देखता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझी पोर भोकाड पसरून. शेवटी डॉक्टरांनी खुर्चीवरचा हिरवा नॅपकिन उचलला, टकलावरून पदरासारखा घेतला, एक टोक कानामागे खोचलं आणि स्टुलावर मांडी आवळून बसले. "लो अम्मा. अब दो औरतें बैठी हैं. अब आओ."

सासूबाई हसल्या. त्यांना हसू आवरलंच नाही. तोंडावर हात नेईपर्यंत उशीर झाला होता, काळे दात दिसले होते.

"मिश्री?" डॉक्टरांनी नॅपकिनखालून विचारलं.

सासूबाईंनी तोंड मिटलं ते घरी येईपर्यंत. पण त्या बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. डॉक्टरांनी पोरीच्या दातांवर नखाएवढ्या कापसाने कसलं तरी औषध लावलं आणि मला नाही, त्यांना सांगितलं, "अम्मा, निकालना तो कोई भी निकालेगा. रखना घर का काम है. बोतल आज से बंद. सुबह-रात बड़ा आदमी ब्रश करेगा, बच्चा नहीं. कीड़ा रुका तो दांत रहेगा. नस तक गया तो बेहोश करके निकालना पड़ेगा, फिर मेरे पास रोने मत आना."

बाटली अर्थात खिडकीत गेली.

त्या औषधाचा परिणाम दोन दिवसांनी दिसला. बदामी रेघा काळ्याकुट्ट झाल्या. मी हादरून फोन केला. "अच्छा है," ते म्हणाले. "भूरा मतलब चालू. काला मतलब रुका." हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर लावू दिलं असतं का?" मराठी ते फक्त मला गप्प करायला वापरत. त्यातच नणंदेच्या मुलीच्या हळदीत पोर प्रत्येकीकडे बघून खुदकन हसत होती आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "आजीची मिश्री खातं काय गो पोर?" असं एकीने विचारलंसुद्धा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रात्रभर फुगून बसले. पण काळं पसरत नव्हतं, जिथल्या तिथे होतं, हेही मी रोज टॉर्च मारून बघत होते.

ब्रशवर पेस्ट किती घ्यायची यावरून तर एक अख्खी खेप गेली. डॉक्टर म्हणाले, तांदळाच्या दाण्याएवढी. सासूबाईंनी विचारलं, "कंचा तांदूल?"

डॉक्टर पहिल्यांदाच अडखळले. "मतलब?"

"झिनी का रत्ना? का तुमचा तो लांब बासमती? दाना सारका नसतो. तू डाक्तर हायेस, नीट सांग."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण पुढच्या खेपेला बघते तर टेबलावर तीन वाट्या आणि प्रत्येक वाटीत वेगळे तांदूळ. बाहेर पेशंट खोळंबलेत आणि आत हे दोघं दाण्यावर पेस्ट ठेवून तुलना करतायत. झिनी ठरली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाथरूममध्ये आरशाखाली झिनीचा एक दाणा टेपने चिकटवलेला असे. पाहुणे विचारत. मी काय सांगणार?

आणि तो फोन! रोज रात्री साडेआठला, मी कुकर लावत असताना. "अम्मा को दो." मी हॅलो म्हणायच्या आत. मग सासूबाई फोन मोरीत ठेवून पोरीला ब्रश करत आणि डॉक्टर तिकडून ऐकत. पोर रडली नाही की तिकडून ओरडा, "आवाज़ नहीं आ रहा! मुंह नहीं खुला है! ऊपर का होंठ उठाओ, अम्मा!" रडायची ती हळूहळू थांबली आणि तोंड वासून आऽऽ म्हणत गाणं म्हणायला लागली, तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. छे! आता डॉक्टरांना संशय. "रो क्यों नहीं रही? सच में ब्रश हो रहा है ना?" मग व्हिडिओ कॉल. त्यांना दात कमी आणि आमची ट्यूबलाइट जास्त दिसे, आणि त्याबद्दल बोलणी मी खायची. माझे मिस्टर शहाणे, सेकंड शिफ्ट मागून घेतली.

एवढं सगळं चाललेलं असताना घात झाला तो भलत्याच जागी.

डॉक्टरांनी सासूबाईंना पहिल्यापासून बजावलं होतं की मिश्री सोडा, पोर तुमचं बघते. त्यावर सासूबाई म्हणत, "मी तिच्या दातांना हात लावतव ब्रशनं. माज्या दातांना माजा हात लावतव. तुना काय त्याचा?" म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या दुपारी त्यांचा जरा डोळा लागला. पोरीने देव्हाऱ्याखालची मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची, डबी उघडली, तर्जनी आत बुडवली आणि आजी जशी घासते तशी पद्धतशीर दातांवर, हिरड्यांवर घासली. आजी जागी झाली तेव्हा ती हसत होती. दात काळे दिसले, पण ते तर औषधाने आधीच काळे होते. सासूबाईंना काही वेगळं वाटलं नाही. मग पोर उलटी करू लागली, पांढरीफटक पडली, अंगाला घाम, आणि मान टाकायला लागली, तेव्हा सासूबाईंना उघडी डबी दिसली; ती त्यांनी कनवटीला खोचली.

सासूबाई बदलापूरच्या बाजारात एकट्या कधी गेल्या नव्हत्या. त्या बाईने पोरीला पदरात गुंडाळलं, रिक्षा थांबवली आणि सांगितलं, उल्हासनगर. वाटेत बदलापुरात दवाखाने, अंबरनाथमध्ये दवाखाने, मोठमोठ्या पाट्या. त्या सगळ्यांवरून रिक्षा पुढे गेली. कारण त्यांच्या हिशेबी पोरीच्या तोंडात काही गेलं तर तोंडाचा डॉक्टर एकच.

मला फोन आला तो डॉक्टरांचा. पहिल्यांदाच ते "अम्मा को दो" म्हणाले नाहीत. म्हणाले, "आप आ जाओ, बेटा." त्यांनी मला बेटा म्हटलं, तशी मी पर्सही न घेता निघाले.

त्यांच्याच गल्लीत लहान मुलांचं इस्पितळ आहे. मी पोचले तर पोर सलाईन लावून झोपलेली, धोका टळलेला. बाहेर बाकावर डॉक्टर बसलेले, पायात चपला नाहीत, कपाळाला बांधलेला दात तपासायचा दिवा अजून चालूच. पोरीला उचलून ते जिन्यावरून तसेच पळाले होते. शेजारी सासूबाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला इतका संताप आला होता की दोघांपैकी आधी कुणाला धरावं ते कळेना. मी काही बोलायच्या आत डॉक्टर सासूबाईंवर गरजले, "दस अस्पताल छोड़के मेरे पास लाई! दांत के डॉक्टर के पास! अक्कल है?"

"मंग कोनाकडं नेव?" सासूबाई म्हणाल्या. "मना दुसरा कोन ठावा हाय?"

डॉक्टरांनी खिशात हात घालून गोड सुपारीची पुडी काढली, फाडली आणि तोंडात टाकली. ती त्यांची सवय होती, दिवसभर चालायची. आम्ही रोज बघायचो. बोलायची टाप कुणाची?

सासूबाईंनी कनवटीची मिश्रीची डबी काढली आणि बाकावर त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही मी आज सोरली. आता तू ती थुक."

"मैं?"

"तूच. पोर माजा बघतं, तशी माजी नजर तुज्यावं हाय. तू सारा दिस गोर सुपारी चघलतस नि आमाला शानपन शिकवतस."

इस्पितळातल्या नर्ससकट सगळे बघत होते. डॉक्टर उठले, कोपऱ्यातल्या टोपलीत थुंकून आले आणि उरलेल्या पुड्या तिथेच टाकल्या. शेरास सव्वाशेर भेटला होता.

त्यानंतरचे महिने आठवले तरी अंगावर काटा येतो. दोघांनीही शब्द पाळला आणि भोगलं मात्र मी. सासूबाईंचं डोकं दुखे, भाजीत मीठ जास्त पडे, कशावरूनही भांडण निघे. तिकडे डॉक्टर पेशंटवर दुप्पट खेकसत. आणि रात्री माझ्या फोनवर एकमेकांची चौकशी. "अम्मा ने लगाई तो नहीं?" "त्याला इचार, सुपारी खाल्ली काय?" मी कुकरची शिटी मोजू का यांची व्यसनं सांभाळू? पण सासूबाईंनी स्वतःसाठी ब्रश आणला. लाल. मोरीत दोघी शेजारी उभ्या राहत, आधी आजी घासे, मग नात आजीच्या मांडीवर डोकं टेकून आडवी होई. तो काळा डाग एका रेघेनेही पुढे सरकला नाही. भुलीचा विषय निघायचा बंद झाला, आणि मी रात्री तिचा श्वास ऐकत बसायचं सोडलं.

मुलगी शाळेत जायला लागली तशा आमच्या उल्हासनगरच्या फेऱ्या कमी झाल्या. खालचे दोन दात पडले, त्याचं कुणाला काही नव्हतं. मग एका रविवारी पेरू खाताना वरचा, पुढचा, काळ्या डागाचा दात निसटला आणि तिच्या हातात आला. रक्ताचा एक थेंब, बस. सासूबाईंनी तो धुतला, पदराच्या गाठीला बांधला आणि म्हणाल्या, "चल, डाक्तरला दावू."

डॉक्टरांनी दात चिमटीत धरून दिव्याखाली फिरवला. मूळ विरघळून गेलं होतं, खालून नवा दात आपला आपण येत होता. कुणी ओढला नव्हता, कुणी भूल दिली नव्हती. त्यांनी दात खिशात टाकला.

"ए! दे इकरं," सासूबाई म्हणाल्या.

"मेरा है. मैंने रखा है."

"माजे मांडीव राकलाय त्यो! तू नुसता फोनवं आरडलास!"

"दवा किसने लगाई?"

"घासला कोनी?"

दोघंही साठीच्या पुढचे. दातावरून भांडतायत. बाहेर पेशंट. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. शेवटी माझ्या मुलीनेच डॉक्टरांच्या खिशात हात घातला. "उंदराला द्यायचाय," ती म्हणाली. "टीचरने सांगितलंय. म्हणजे उंदरासारखे दात येतात."

डॉक्टर ताठ झाले. "मेरे क्लिनिक में चूहा नहीं है."

"उल्हासनगरमदी उंदीर नाय?" सासूबाई म्हणाल्या. "खाली सोफ्यावाल्याकडं असतील."

आणि आम्ही सगळी वरात घेऊन खाली गेलो. डॉक्टर कपाळावर दिवा लावून दुकानाच्या मागच्या भिंतीला ओणवे, सासूबाई त्यांच्या बाजूला उकिडव्या, सोफेवाला तोंड उघडं टाकून उभा. बीळ सापडलं. पोरीने दात आत ढकलला. मी एका सोफ्यावर बसले, ज्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि मला एकदम रडू फुटलं. इतकी वर्षं जे दात ऑपरेशनच्या टेबलावर जातील म्हणून मी भीत होते, त्यातला पहिला असा हसतखेळत गेला होता. मी हुंदके देत होते आणि मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं.

डॉक्टर गुडघे झटकत उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी पोरीची हनुवटी वर केली, दिवा आत मारला आणि बराच वेळ मागे, खोल कुठेतरी बघत राहिले.

"रोना बाद में," ते म्हणाले. "पीछे नई दाढ़ आई है. नीचे, दोनों तरफ. कब आई?"

मी डोळे पुसले. कसली दाढ? मला माहीतच नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं.

"ही दुधाची नाही," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "ही पडणार नाही. ही तिला म्हातारी होईपर्यंत पुरवायचीय. आणि हिच्यात अन्न अडकून बसलंय."

सोफेवाल्याने मला पाण्याचा ग्लास दिला. डॉक्टर जिना चढायला लागले होते, सासूबाई पोरीचा हात धरून त्यांच्यामागे. वरून आवाज आला, "जल्दी आओ!" मी ग्लास ठेवला आणि चडफडत जिना चढले.